तक्रार : ४५० वॅटचा एसएमपीएस, आणि "सोलापूरची लाईट खराब आहे" हे तुमचं उत्तर

कस्टमर सपोर्ट आणि त्यांच्या वरचे जे कोण मॅनेजर असतील त्यांना,

आत्ताच फोन ठेवला. सातवा फोन होता हा. आता लिहूनच देतो, म्हणजे परत पहिल्यापासून सांगायला नको.

पीसी मार्चमध्ये घेतला, तुमच्याच वेबसाईटवर "व्हिडिओ एडिटिंगसाठी" म्हणून जो तयार सेट होता तोच, माझ्या मनानं एक पार्ट बदललेला नाही. आय५ १२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि तुमच्याच नावाचा ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, जुळे सोलापुरात घरातल्याच एका खोलीत काम चालतं. कट-बिट करेपर्यंत काही होत नाही, एक्सपोर्टला टाकलं, म्हणजे तयार व्हिडिओची फाईल काढायला लावली, की दहा-पंधरा मिनिटात फटकन बंद. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, वायर उपसल्यासारखं बंद. एका नवरीचे वडील दोनदा घरी येऊन गेले, मुलगी सासरी जाऊन दोन महिने झाले तरी पिक्चर हातात नाही, त्यांना मी काय सांगायचं?

आजच्या फोनवरचं सगळं लिहितो. कॉल रेकॉर्ड होतोय असं तुम्हीच सांगता, काढून ऐका. अकरा मिनिटं थांबवून मग तुमचा माणूस म्हणतो, "सर, सोलापूर साईडला व्होल्टेजचा प्रॉब्लेम असतो, तुमची लाईट खराब असणार." म्हणलं मी मीटर लावलाय, बोर्डावर २२८ व्होल्ट आहे, आणि त्याच बोर्डावरचा मॉनिटर चालू राहतो, फॅन चालू राहतो, पीसी तेवढा बंद पडतो. "मग स्टॅबिलायझर लावून बघा सर." म्हणलं ते राहू दे, या एसएमपीएसला १२ व्होल्टला किती अँपिअर आहेत ते सांगा. "४५० वॅट सर." वॅट नाही ओ, अँपिअर. "सर, ४५० वॅट म्हणजे ४५०च असतात." म्हणलं ज्यांनी हे कार्ड बनवलं ते स्वतः ५५० वॅटचा सप्लाय घ्या असं लिहितात, तुम्ही ४५० कसा दिला? तर म्हणतो, "ते रेकमेंडेड आहे सर, कंपल्सरी नाही." आणि शेवटी काय, "तुम्हाला यातलं कळत नसेल तर लोकल मेकॅनिकला दाखवा, पण सील तुटलं तर वॉरंटी जाईल." म्हणजे दाखवायचं पण उघडायचं नाही. मला कळत नाही म्हणे! पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरतोय मी.

आता मला काय कळतं ते ऐका. तुमच्याच लेबलवर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर छापलंय. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लायनीवर दाखवून ४५० केलेत, आणि प्रोसेसर न् ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळजवळ सगळं १२ वरनंच ओढतात. कार्ड १७० वॅटचं. प्रोसेसर ६५ चा म्हणतात पण टर्बोला, म्हणजे पूर्ण जोरात पळताना, ११७ पर्यंत जातो. झाले २८७, म्हणजे २४ अँपिअरच्या आसपास, अजून फॅन न् हार्ड डिस्क धरलीच नाही. १८ मध्ये हे बसतंय का, तुम्हीच सांगा. ही बेरीज सेट बनवणाऱ्यानं करायची की गिऱ्हाइकानं?

साईड पॅनल काढून (त्याला सील नाहीये) १२ व्होल्टच्या पिवळ्या आणि काळ्या वायरला मीटर लावून बसलो. नुसता चालू असताना ११.९. एक्सपोर्ट सुरू केला, ११.५, ११.३, मग ११.१, आणि बंद. ११.४ च्या खाली जाताच कामा नये, पाच टक्क्यांची सूट असते ती तिथं संपते. त्यात तुमच्या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डला लागणारी आठ पिनची वायरच नाही, जुन्या चार पिनच्या दोन वायरी जोडून अडॅप्टर दिलाय, त्याचं पांढरं प्लास्टिक एका पिनपाशी तपकिरी झालंय आणि जळका वास येतोय. बायको रात्री एक्सपोर्ट लावून झोपू देत नाही आता, आणि तिचं बरोबर आहे, घरात लेकरं झोपलेली असतात.

नवी पेठेतल्या ओळखीच्या दुकानदारानं ६५० वॅटचा एक एसएमपीएस काढून दिला, म्हणाला मालक, आधी दोन दिवस चालवून बघा, पैशाचं नंतर बोलू. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टला ५४ अँपिअर. तेच घर, तोच बोर्ड, सोलापूरचीच लाईट, बाहेर ४२ डिग्री ऊन, आणि अख्खं लग्न एका दमात एक्सपोर्ट झालं. मीटरवर १२ हलला नाही. तेव्हा परत कुणी मला सोलापूरची लाईट खराब आहे म्हणू नका. त्यावर ८० प्लस ब्राँझ लिहिलंय, पण मी त्यावरनं भांडत नाहीये, ते विजेची बचत किती एवढंच सांगतं. मी १२ व्होल्टच्या अँपिअरवरनं भांडतोय.

मला १२ व्होल्टवर हा लोड पेलणारा, स्वतःची आठ पिनची वायर असलेला एसएमपीएस बदलून द्या, फुकट, आणि तो सेट वेबसाईटवरनं काढा नाहीतर दुरुस्त करा, कारण अजून कोणतरी माझ्यासारखा तो घेत असणार. वाईट याचं वाटतं की माझ्या भरवशावर आणखी दोघांनी तुमच्याकडनंच पीसी घेतलेत, एकाचा तर हाच सेट आहे.

पंधरा दिवस थांबतो. नंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार आणि जिल्हा ग्राहक आयोगात केस. तुमचं ऑफिस कुठं का असेना, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहतो तिथंच दावा लावता येतो. आणि धंद्यासाठी घेतलाय म्हणून हात झटकू नका, स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू त्या कायद्यात बसते. लेबलचा, मीटरचा आणि त्या जळक्या अडॅप्टरचा फोटो सोबत जोडलाय. अडॅप्टर मी फेकणार नाही, जपून ठेवलाय.