टाकीत उतरणाऱ्याच्या अंगावर दोर हवाच : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी औद्योगिक वसाहतीतल्या ईटीपीवर, म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पावर काम करतो. हायड्रोजन सल्फाइडने टाकीत माणसं दगावल्याची बातमी येते, तेव्हा बळी सहसा एकटा नसतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मागोमाग तिसरा. बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात, असं अमेरिकेच्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने 1986 मध्येच लिहून ठेवलं आहे.

हा वायू फसवा आहे. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) पुढे गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस आणखी खाली उतरतो. हजार पीपीएमच्या घरात तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. ओल्या रुमालाने काही अडत नाही. शिवाय हवेत 4.3 टक्के झाला की ठिणगीने पेटतो, त्यामुळे साधा दिवा आत सोडणंही धोक्याचं.

1948 च्या कारखाने अधिनियमातलं कलम 36 याचसाठी होतं. त्यात दोन वाटा होत्या. जाणकाराने हवा तपासून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनसंच आणि पट्टा घालायचा, पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. कुठलीही एक वाट पुरे. माझं भांडण इथेच आहे. सकाळी गॅस मोजणारा डिटेक्टर शून्य दाखवतो, टाकीत उतरायच्या परमिटवर सही होते. मग खाली फावडं लागतं, गाळ हलतो, बुडबुडे फुटतात आणि गाळात अडकलेला गॅस वर येतो. सकाळचा दाखला त्या क्षणी रद्दी होतो. कमरेला दोर नसेल, तर वर उभ्या सोबत्याला उडी मारण्याखेरीज काय सुचणार?

साहेब, गाळाच्या टाकीसाठी राज्याच्या नियमांत दाखला आणि दोर दोन्ही सक्तीचे करा. तोंडाशी तिपाई आणि हातरहाट हवा, म्हणजे बाहेरचा माणूस आत न उतरता बेशुद्ध माणसाला वर ओढू शकेल. उतरणाऱ्याच्या खिशाला डिटेक्टर काम संपेपर्यंत चालू हवा. बाहेरच्या माणसाला प्रशिक्षण द्या आणि त्याने आत जायचं नाही, हे त्याच्या परमिटवर मराठीत आणि हिंदीत छापा. ठेकेदाराच्या माणसांना हे सगळं आधी मिळालं पाहिजे. टाकीत बहुधा तीच उतरतात.

आपला,
एक ईटीपी ऑपरेटर