दिव्याच्या खोक्यावर रोपाला लागणारा आकडा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात लेट्यूस पिकवणाऱ्यांसाठी जे दिवे विकले जातात, त्यांच्या खोक्यांवरचे बहुतेक आकडे रोपाच्या दृष्टीने निरुपयोगी असतात, आणि बियाणे, पाणी, खत सगळे नीट असूनही अनेकांचे पीक केवळ त्यामुळे फसते, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

खोक्यावर ठळक छापलेले ‘लुमेन’ हे उजेडाचे माप माणसाच्या डोळ्यासाठी ठरवलेले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवट-पिवळा प्रकाश सर्वांत चांगला टिपतो. पान मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटर या संपूर्ण पट्ट्यातला प्रकाश प्रकाशसंश्लेषणासाठी वापरते. म्हणून पानांवर दर चौरस मीटरला दर सेकंदाला या पट्ट्यातले किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात, हेच विचारायला हवे (मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक; मायक्रोमोल म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग). लेट्यूसला साधारणपणे १५० ते २५० मायक्रोमोल पुरतात. २२० मायक्रोमोल १६ तास दिले, तर दिवसाकाठी सुमारे १२.७ मोल होतात, आणि १२ ते १७ मोलांच्या दरम्यान हे पीक चांगले पोसते. पांढऱ्या एलईडीखाली २२० मायक्रोमोल म्हणजे ढोबळमानाने १५ हजार लक्स (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन); कार्यालयातल्या टेबलावर जेमतेम ५०० लक्स असतात. खोली आपल्याला लख्ख वाटते तेव्हाही रोप उपाशी असू शकते, ते यामुळे. अशा रोपाचे खोड दोऱ्यासारखे बारीक व फिकट होऊन लांबत जाते, वरची दोन इवलीशी पाने त्याला पेलत नाहीत आणि ते आडवे होते. त्या अवस्थेत खत घालून काहीही साधत नाही.

वॅटच्या आकड्याने तर सरळसरळ दिशाभूल होते. ‘१००० वॅटच्या तोडीचा’ म्हणून विकला जाणारा दिवा प्रत्यक्षात त्याच्या लहानशा अंशाइतकीच वीज घेत असू शकतो, आणि ‘तोडीचा’ म्हणजे नेमका कशाच्या तोडीचा, याचा कुठेही खुलासा नसतो.

रंगाबद्दलही गैरसमज फार आहे. जांभळट-गुलाबी दिवाच ‘खरा’, असे अनेकांना वाटते. निळा प्रकाश रोप आटोपशीर ठेवतो, तांबड्या जातींच्या पानांना रंग आणतो आणि लाल प्रकाश वाढीला जोर देतो, हे खरे. परंतु चांगल्या पांढऱ्या एलईडीत हे दोन्ही असतात आणि हिरवा प्रकाशही वाया जात नाही, तो पानात खोलवर पोहोचतो. शिवाय जांभळ्या उजेडात पिवळे पडलेले पान किंवा पानामागचा मावा डोळ्यांना नीट दिसतच नाही. घरच्या लागवडीसाठी पांढरा दिवाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. (लाल प्रकाशाचे महत्त्व लेट्यूसच्याच बियांनी दाखवून दिले आहे: १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी ‘ग्रँड रॅपिड्स’ या वाणाचे बी लाल प्रकाशाने उगवते व त्यापलीकडच्या गडद-लाल प्रकाशाने थांबते, हे सिद्ध केले. अशा वाणांचे बी मातीत खोल पुरू नये.)

उजेड वाढवत नेला की पीकही वाढतच जाते, असे मात्र नाही. वाढ फार वेगाने झाली की गाभ्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात, कारण कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढते आणि मिटलेल्या गाभ्यातून बाष्प फारसे उडत नाही. एक लहान पंखा वरून हळुवार वारा देत राहिला, तर हा त्रास बराच कमी होतो. उष्ण जागेत फार लांब दिवस दिला, तर काही वाण लवकर दांडा काढून फुलोऱ्यावर येतात व पाने कडू होतात.

म्हणून उत्पादकांनी दिवा प्रत्यक्षात किती वॅट वीज घेतो आणि ३० सेंटिमीटर अंतरावर ट्रेच्या मध्यभागी व चारही कोपऱ्यांत किती मायक्रोमोल पडतात, हे खोक्यावर छापावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. कोपऱ्यांचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण मध्यभागाचा एकच आकडा देऊन कडेची खुरटलेली रोपे सहज झाकली जातात. एका ज्यूल विजेत किती मायक्रोमोल निघतात, हेही छापले जावे. आजचे चांगले दिवे २.५ किंवा त्याहून अधिक देतात, आणि रोज १६ तास चालणाऱ्या दिव्याच्या वीजबिलात हा फरक चांगलाच जाणवतो. तोवर ग्राहकांनी हे आकडे विक्रेत्याकडे मागावेत आणि ते मिळाले नाहीत तर तो दिवा घेऊ नये.

आपला,
एक वाचक