लीगल एड क्लिनिक आणि सत्राची अखेर

महोदय,

विधी महाविद्यालयाच्या लीगल एड क्लिनिकमध्ये, म्हणजे मोफत कायदेशीर मदत केंद्रात, पहिल्याच भेटीत विद्यार्थ्याने कायदा सांगायची घाई करू नये. आधी विरुद्ध पक्षाचे नाव विचारून हितसंबंधांचा संघर्ष नाही ना, म्हणजे क्लिनिकचे त्या पक्षाशी आधीच काही नाते नाही ना, हे पाहावे. मग पक्षकाराला सलग बोलू द्यावे, घटना तारीखवार लिहाव्यात, मूळ कागदपत्रे परत करून प्रतीच ठेवाव्यात. दावा दाखल करण्याच्या मुदतीची शेवटची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर हवी. ती टळली की भक्कम दावाही बहुधा बुडतो. सल्ला पर्यवेक्षक वकिलांनी तपासूनच द्यावा.

खरा घोळ सत्र संपताना होतो. विद्यार्थी परीक्षेला जातात, पक्षकाराला वाली उरत नाही. झालेले काम, पुढची तारीख, बाकी कागद यांचे टिपण नव्या विद्यार्थ्याकडे पक्षकारासमोरच सोपवावे. महाविद्यालयांनी या सोपवणुकीला गुण द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक विधी अध्यापक