रामटेकच्या पायथ्याशी बसून राहिलेल्यांच्या वतीने: माननीय पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

विषय : ज्यांना फार चालता येत नाही अशा यात्रेकरूंसाठी नागपूर ते रामटेक गड हा सलग प्रवास.

महोदय,

ज्या शहरात झिरो माइलचा दगड आहे आणि जिथून कुठल्याही दिशेला निघाले तरी समुद्र गाठायला शेकडो किलोमीटर जावे लागते, त्या नागपुरातून आपल्याला बंदराच्या हकिकतीने सुरू होणारे पत्र यावे, हे थोडे विचित्र वाटेल. पण रामटेकविषयी मला जे म्हणायचे आहे, ते मला रामटेकला नव्हे तर मलेशियातल्या पेनांगच्या धक्क्यावर उमगले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझे यजमान 76 वर्षांचे आहेत आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या आहेत. सपाटीवर ते काठी टेकत बऱ्यापैकी चालतात, मात्र दोनशे-अडीचशे पावलांनंतर त्यांना बसावे लागते, आणि पायऱ्या चढण्यापेक्षा उतरणे जास्त जड जाते. मुलाच्या आग्रहाने आम्ही सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर गेलो. जहाजात लिफ्ट असते, त्यामुळे तिथली काळजी नव्हती; धास्ती होती ती जहाज जिथे जिथे थांबणार त्या गावांची. पेनांगला जहाज जॉर्ज टाउनमधल्या स्वेटनहॅम धक्क्याला थेट लागते, लहान होडीत उतरावे लागत नाही, आणि तिथून सात-आठ किलोमीटरवर पेनांग हिल ही टेकडी आहे. जहाजावरच्या सहलीचे दर पाहून आम्ही आमचे आम्ही जायचे ठरवले. जहाज संध्याकाळी कुणासाठीही थांबत नाही हे माहीत असताना दोन म्हाताऱ्यांनी हा उद्योग करावा, यावर मुलगा फोनवर काय काय बोलला ते इथे लिहीत नाही.

जाताना आम्ही टॅक्सी केली. टॅक्सी टेकडीच्या पायथ्याच्या स्टेशनापर्यंत गेली आणि तिथून फ्युनिक्युलर गाडीने आम्ही वर गेलो. ही गाडी दोराने ओढली जाते. उतारावर घातलेल्या रुळांवरून एक गाडी वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, दोघी एकमेकींचा तोल सांभाळतात आणि मधे जिथे रूळ दुपदरी होतात तिथे एकमेकींना ओलांडतात. गाडीचे कप्पे जिन्यासारखे एकावर एक रचलेले असतात, त्यामुळे बाहेर चढ कितीही उभा असला तरी पायाखालची जमीन सपाट राहते. यजमान आत जाऊन बसले, काठी गुडघ्यांमध्ये धरली आणि पाच-दहा मिनिटांत समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर होते. वर मुरुगनाचे देऊळ आहे आणि मशीदही आहे. फिरायला छोट्या बग्ग्या मिळतात. येताना आम्ही 204 क्रमांकाची बस घेतली. टेकडीचे स्टेशन हाच तिचा एका टोकाचा थांबा आणि शहराच्या धक्क्याजवळचे बसस्थानक हा दुसऱ्या टोकाचा, म्हणजे चुकायला वावच नाही. तिथून जहाजापर्यंतचे उरलेले अंतर फुलांनी मढवलेल्या सायकलरिक्षात गेले. त्या रिक्षात प्रवासी पुढे बसतो आणि चालवणारा मागे, हे पाहून आमच्या यजमानांना इतकी गंमत वाटली की देवळापेक्षा त्या रिक्षाचीच हकिकत ते अजून सांगतात.

आता मुद्द्यावर येते. पेनांगची ती गाडी 1923 सालची. जवळजवळ नव्वद वर्षे ती दोन टप्प्यांत चालत होती. अर्ध्या वाटेवर उतरायचे आणि दुसऱ्या गाडीत बसायचे, अशी पद्धत होती. 2010 मध्ये ती बंद करून 2011 मध्ये नव्याने सुरू केली, तेव्हा हा मधला बदल काढून टाकला आणि सुमारे दोन किलोमीटरचा मार्ग एका दमात पार होऊ लागला. आपल्याकडे अशा कामाचे उद्घाटन झाले असते तर भाषणांत वेगाचे आणि वातानुकूलित डब्यांचे कौतुक झाले असते. ज्याचे गुडघे दुखतात त्याला मात्र विचारा: गाडी पाच मिनिटांत जाते की पंधरा, याने त्याला काही फरक पडत नाही, कारण तो बसलेला असतो. फरक पडतो तो कितीदा उठावे लागते, किती पायऱ्या उतराव्या लागतात आणि उभे राहून किती वाट पाहावी लागते, याने. म्हाताऱ्या माणसाचा प्रवास सांध्यांत अडतो, गुडघ्याच्याही आणि गाड्या जिथे बदलायच्या त्याही.

हे मनात घेऊन आम्ही चैत्रात रामनवमीची गर्दी ओसरल्यावर रामटेकला गेलो. माझे लहानपण नागपूरचे, त्यामुळे रामटेक म्हणजे सहलीचे हक्काचे ठिकाण. वराहाच्या मूर्तीखालून सरपटत पलीकडे निघायचे, माकडांपासून फुटाण्यांची पुडी लपवायची आणि अंबाळा तलावाकडून पायऱ्या चढताना कोण आधी दमते याची पैज लावायची, हे आम्ही सगळ्यांनी केले आहे. या वेळी पैज लावायचा प्रश्नच नव्हता. नागपूरच्या इतवारी स्टेशनाहून रेल्वेने गेलो, कारण बसपेक्षा रेल्वेत पाय लांब करता येतात. रामटेक स्टेशनावर उतरलो तर गड समोर दिसतो, पण तिथवर नेणारे वाहन ज्याचे त्याने शोधायचे. ऑटोवाल्याने "देवळाच्या दारापर्यंत सोडतो" असे सांगितले आणि गाड्या थांबतात तिथे सोडले. त्याचीही चूक म्हणवत नाही. त्याच्या दृष्टीने दार तिथेच होते.

आमच्या दृष्टीने तिथून पुढे खरा प्रवास होता. चपला काढायच्या, तर बसायला बाक नाही. भिंतीला टेकून एका पायावर उभे राहायचे, आणि गुडघ्याची वाटी बदललेल्या माणसाला नेमके तेच जमत नाही. मी खाली वाकून त्यांच्या चपलांचे पट्टे सोडवले. मग अनवाणी पायऱ्या. विदर्भातल्या चैत्राच्या दुपारी दगड किती तापतो हे मी आपल्याला सांगायला नको. तरणीताठी माणसे तिथे टाचांवर उड्या मारत सावली गाठतात. ज्याला उडी मारता येत नाही आणि पाय भराभर उचलता येत नाही, तो भाजतो. यजमानांनी सात-आठ पायऱ्या चढून पाहिल्या, काठीचे रबर दगडावर एकदा घसरले, आणि ते म्हणाले, "तू जाऊन ये." मी वर जाऊन रामाचे आणि लक्ष्मणाचे दर्शन घेतले आणि खाली आले, तेव्हा ते सावलीतल्या एका दगडावर बसून काठीने माकडांना लांब ठेवत होते. इथूनच कळसाच्या दिशेने हात जोडले, म्हणाले. त्यांच्या शेजारी आणखी तीन-चार वयस्कर माणसे तशीच बसलेली होती, प्रत्येकाच्या घरची माणसे वर गेलेली. कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या यक्षाच्या विरहाची कथा ज्या टेकडीशी जोडली जाते, तिच्यावरच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी निरोपाची वाट पाहत बसावे, यात आमच्या यजमानांना काव्य दिसले. मला दिसले नाही.

रामटेकला रोपवे व्हावा अशी मागणी अधूनमधून कानावर येते, आणि आपल्यापुढेही ती आली असेल. माझा रोपवेला विरोध नाही. रायगडावर 1996 पासून रोपवे आहे आणि सप्तशृंगी गडावर 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. या दोन्हींमुळे ज्यांनी गडाचा विचार सोडून दिला होता ती माणसे वर पोहोचली, हे आपल्या राज्याचे श्रेयच आहे. पण रायगडावर रोपवेतून उतरल्यावर जगदीश्वराच्या मंदिरापर्यंत आणि महाराजांच्या समाधीपर्यंत पुष्कळ चालावे लागते, हे तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोर माणसाला उंचीवर नेतो, देवापर्यंत नेतोच असे नाही. शिवाय रामटेकला गाडीरस्ता जवळजवळ वरपर्यंत आधीच आहे. गडावर वाकाटककाळातील नृसिंहाची मंदिरे आहेत, आणि केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढच्या 200 मीटरपर्यंत नियंत्रण, असा कायदा आहे. म्हणजे रोपवेचे खांब, परवानग्या आणि निविदा यांत वर्षे जाणार. झारखंडमध्ये देवघरजवळ त्रिकूट टेकडीवर एप्रिल 2022 मध्ये रोपवे अडकून माणसे अधांतरी राहिली आणि काहींचे प्राण गेले, त्यानंतर घाईने काही उभारा असे मी तरी म्हणणार नाही. रोपवे येईल तेव्हा येवो. तोवर, आणि तो आल्यानंतरही, जे लागणार आहे ते फार स्वस्त आहे.

रेल्वे रामटेकला पोहोचते त्या वेळेला धरून स्टेशनातून थेट गडावरच्या वाहनतळापर्यंत जाणारी एक छोटी बस हवी, आणि तिच्या पाटीवर "गड मंदिर" एवढेच लिहिलेले असावे. ती परतीच्या रेल्वेलाही धरून असावी, कारण येणाऱ्याची सोय करून जाणाऱ्याला वाऱ्यावर सोडण्याची आपल्याकडे परंपरा आहे. वाहनतळापासून जिथवर उतार गाडीला झेपतो तिथवर बॅटरीवर चालणारी गाडी असावी, आणि तिच्यात पहिला हक्क काठीवाल्यांचा असावा, गळ्यात कॅमेरा अडकवलेल्यांचा नव्हे. पुढच्या पायऱ्या वारशाच्या आहेत, त्या फोडा असे कुणीच म्हणत नाही. पण पुरातत्त्व विभागाशी बोलून एका बाजूला हाताला धरता येईल असा, दगडाला धक्का न लावता उभा राहणारा कठडा बसवता येतो की नाही हे पाहता येईल. ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी डोली असावी, दर ठरवून दिलेला आणि फलकावर लिहिलेला. घारापुरीच्या लेण्यांकडे होडीने जाणाऱ्यांना धक्क्यापासून छोटी रेल्वे मिळते आणि पुढच्या पायऱ्यांना डोली मिळते; तेव्हा हे काही महाराष्ट्राला नवीन नाही.

चपलांच्या जागेविषयी मात्र मला वेगळे लिहायचे आहे, कारण ते कुठल्याही आराखड्यात येत नाही. चपला काढण्याची जागा जितकी खाली, तितके अनवाणी चालणे जास्त. ती जागा देवस्थानाच्या संमतीने जितकी वर नेता येईल तितकी न्यावी. तिथे हात टेकता येतील असे बाक असावेत, कारण बिनहाताच्या बाकावर बसता येते पण उठता येत नाही. आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत वाटेवर काथ्याची चटई अंथरून तिच्यावर सकाळ-दुपार पाणी मारावे. याला मंत्रिमंडळाची मंजुरी लागू नये.

आणखी एक काम आहे, त्याला बाकाइतकाही खर्च नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गडाच्या, लेण्याच्या आणि टेकडीवरच्या देवळाच्या माहितीत वाहन कुठवर जाते, पुढे पायऱ्या किती, कठडा कुठे आहे, बसायला कुठे आहे, अनवाणी किती चालायचे आणि स्वच्छतागृह खाली आहे की वर, एवढे छापून द्या. "निसर्गरम्य परिसर" हे शब्द वाचून कुणालाही निघायचे की घरी राहायचे हे ठरवता येत नाही. पेनांगला जायच्या आधी मी हे सगळे परदेशी प्रवाशांनी लिहिलेल्या अनुभवांवरून शोधून काढू शकले; माझ्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या रामटेकसाठी मला ते कुठे सापडले नाही.

ऑगस्ट 2022 पासून राज्य सरकारने 75 वर्षांपुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत केला, आणि मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत दिली. आमच्या घरी यजमानांचे तिकीट लागत नाही आणि माझे अर्धे लागते, याबद्दल मनापासून आभार. पण या सवलतींमुळेच गडांच्या पायथ्याशी आता पूर्वीपेक्षा जास्त काठ्या जमू लागल्या आहेत. सरकारने ज्यांना पायथ्यापर्यंत फुकट आणले, त्यांना पुढे नेण्याची जबाबदारीही काही अंशी सरकारकडे येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 याहून बरेच पुढचे बोलतो. त्याची कलमे आपल्या विभागाला माहीत असतीलच.

मुंबईत बॅलार्ड पिअरला क्रूझसाठी मोठे टर्मिनल उभे राहिले आहे आणि तिथे उतरणाऱ्यांत माझ्या यजमानांच्या वयाचे पुष्कळ असतील. ती जहाजे काही नागपूरला येणार नाहीत. तरी त्या प्रवाशांसाठी आपला विभाग जो विचार करील, धक्क्यापासून शेवटच्या पायरीपर्यंतचा, तोच विचार इतवारीच्या फलाटापासून रामटेकच्या गाभाऱ्यापर्यंत करावा, एवढीच विनंती.

आपण कधी नागपुरात अधिवेशनाला आलात, तर एक सकाळ सरकारी गाडी न घेता, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला सोबत घेऊन इतवारीहून रामटेकला जाऊन यावे. चपला काढायला त्यांना कुठे बसवता, ते पाहावे. आम्ही त्रिपुरी पौर्णिमेला पुन्हा जाणार आहोत. यजमानांनी काठीला नवे रबर बसवून घेतले आहे.

आपली नम्र,
एक ज्येष्ठ नागरिक,
नागपूर.