मापट्याखालची मेणबत्ती

सोलापूर,
आगमनकाळाचा तिसरा रविवार, रात्र

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम सलाम.

संडे स्कूल सुटल्यापासून तुला लिहायचं डोक्यात होतं. गेल्या वर्षी मी पोरांना आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, मेणबत्त्यांचे अर्थ नुसते सांगितले. पहिली आशेची, दुसरी शांतीची, तिसरी, गुलाबी, आनंदाची, चौथी प्रीतीची. त्यांनी घडाघडा पाठ केले आणि नाताळाआधीच विसरले. चूक माझीच.

यंदा आधी विचारलं, मेणबत्ती कधी लावतात गं? "लाईट गेल्यावर." "वाढदिवसाला." एक म्हणाला, "शेजारचा दादा विहारात लावतो." मी म्हटलं, वाढदिवसाला आपण फुंकतो, इथं मात्र कुणी फुंकायचं नाही. सगळी एकदम गप्प!

मग खिडक्यांवर घरच्या चादरी टांगून अंधार केला. आईचं ज्वारीचं मापटं मुद्दाम नेलं होतं. दिवा लावून कुणी मापाखाली ठेवत नाही, हे बायबलमधल्या मत्तयातलं वचन आपण लहानपणापासून ऐकलं, पण करून कधी पाहिलं होतं का? पेटत्या मेणबत्तीवर मापटं पालथं घातलं. थोड्या वेळानं उचललं तर नुसता धूर. सगळ्यात धाकटी हळूच म्हणाली, "कोंडली ती." अगं, त्या एका शब्दानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांना जर्मनीतल्या हांबुर्ग शहरातल्या विखर्नची गोष्टही सांगितली. त्याच्या आश्रमातली गरीब मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून 1839 साली त्यानं गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान तांबडी, रविवारी मोठी पांढरी. आपलं चार मेणबत्त्यांचं कडं त्यातूनच आलं. वाट बघणं मोजता येतं म्हटल्यावर पोरं लगेच बोटांवर दिवस मोजायला लागली.

शेवटी एकानं विचारलं, "शेजारच्या काकू तिन्हीसांजेला समई लावतात, ती वेगळी का?" मला घाईनं उत्तर द्यायचं नव्हतं. म्हटलं, त्या त्यांच्या देवासमोर हात जोडतात. आपण ही लावतो तेव्हा येशू जगाचा प्रकाश आहे हे आठवतो. काकूंची समई लागली की जवळ जाऊन शांत उभा राहा, फुंकर मारू नकोस. त्याला ते पटलं.

पुढच्या रविवारी चौथी लावायची. कुणी पेटवायची यावर आत्ताच भांडण आहे. त्या धाकटीचा हात धरून लावायचं मी ठरवलंय. तू नाताळला येशीलच, तर दोन दिवस आधी ये. कड्याच्या मधली पांढरी, येशूच्या जन्माची, तुझ्या हातानं लागू दे.

तुझीच,
मी