अण्णा, इथलाही बाजार उठून गावाबाहेर गेला

पॅरिस,
रविवार दुपार

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर अण्णा म्हणालात, "राजवाडे, मनोरे नंतर बघू, आधी तुमच्या गावची पेठ दाखव." तेव्हा घाईत होते, धड बोलता आलं नाही. आज सुट्टी आहे, म्हणून निवांत लिहायला बसले. पत्र दादालाही वाचायला द्या. तुम्ही उतराल त्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी आहे, त्यामुळं विमानतळावरून पेठेपर्यंत तुम्हा तिघांना आपलं आपणच यायचंय. मी दुपारी तिथंच भेटेन.

पेठेचं नाव 'ले आल'. शहराच्या अगदी मध्यावर. ११८३ मध्ये फिलिप ऑगस्ट राजानं इथं व्यापाऱ्यांसाठी छपराखाली बसायची सोय केली. आपल्याकडे तेव्हा शिलाहार भोज राजा होता, एवढी जुनी गोष्ट. पण आधीच सांगून ठेवते, तिथं आता घाऊक बाजार भरत नाही. तो १९६९ मध्ये उठला आणि शहराबाहेर रँजिसला गेला. आणि म्हणूनच ती जागा तुम्ही बघावी असं मला फार वाटतं. आपल्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतनं गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले तेव्हा आजोबांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, हे तुमच्याच तोंडून कितीदा ऐकलंय.

आता यायचं कसं ते सांगते. मुंबईहून तुमचं विमान शार्ल द गॉल विमानतळावर टर्मिनल २ला उतरेल. पासपोर्टची तपासणी झाली, बॅगा घेतल्या की रेल्वेच्या चित्राच्या पाट्या धरून चालत राहा. बाहेर टॅक्सीवाले म्हणून कुणी जवळ येऊन विचारलं तर त्याच्या मागं जाऊ नका. खालीच 'आर ई आर बी' या लोकलचं स्टेशन आहे. शहरातलं साधं मेट्रोचं तिकीट इथं चालत नाही, विमानतळाचं वेगळं असतं. २०२५ मध्ये ते माणशी १३ युरो होतं, आता थोडं वाढलं असेल. प्रत्येकाचं कार्ड वेगळं घ्या आणि बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा, उतरतानाही ते दारावर लावावं लागतं आणि मधे तपासनीसही येतात.

गाडीत बसलात की गार द्यु नॉर हे मोठं स्टेशन येईल. तिथं निम्मा डबा रिकामा होतो, पण तुम्ही उठू नका. त्याच्या पुढचंच 'शातले-ले आल', तिथं उतरायचं. सगळा मिळून अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. पाकीट मात्र आतल्या खिशात ठेवा, या गाडीत हात मारणारे असतात. हे स्टेशन पूर्ण जमिनीखाली आहे, तीन लोकल आणि पाच मेट्रो तिथं एकत्र येतात, त्यामुळं पहिल्यांदा आलेला माणूस गांगरतोच. दादा, 'सॉर्ती' म्हणजे बाहेर जायचा रस्ता. 'पोर्त सेंत उस्ताश' अशी पाटी शोध. वर आलात की समोर बाग आणि बागेच्या कडेला प्रचंड मोठं चर्च दिसेल. त्याच्या दारात मी उभी असेन. आईचे गुडघे दुखत असतील तर सरळ अधिकृत टॅक्सीच्या रांगेत उभे राहा. विमानतळावरून सीन नदीच्या पेठेकडच्या बाजूचं भाडं ठरलेलं आहे, २०२५ मध्ये ५६ युरो होतं. तिघांत ते काही फार नाही.

इटलीहून परतताना मात्र तुम्ही ऑर्ली विमानतळावर उतरणार आहात. तिथनं तर अजूनच सोपं. जून २०२४ पासून १४ नंबरची मेट्रो तिथपर्यंत जाते, कुठंही न बदलता शातलेला आणून सोडते. रँजिसचा बाजार या ऑर्लीच्या शेजारीच आहे. म्हणजे त्या गाडीनं तुम्ही नव्या बाजाराकडून जुन्या बाजाराकडे याल.

अण्णा, इथं १९व्या शतकात बालतार नावाच्या वास्तुविशारदानं लोखंड आणि काचेची दालनं उभी केली होती. मासळी, लोणी, कोंबड्या-अंडी, भाजी, ज्याचं त्याचं दालन. रात्रभर गाड्या रिकाम्या व्हायच्या आणि उजाडायच्या आत सौदे उरकायचे. इथल्या हमालांना 'फोर' म्हणत, म्हणजे बळकट गडी. भरतीच्या वेळी २०० किलोचं ओझं घेऊन चालून दाखवावं लागे. आपल्याकडचा तीस किलोचा गुळाचा रवा पाठीवर टाकून पळणारी माणसं मी लहानपणी बघितली आहेत, त्यामुळं हे वाचलं तेव्हा मला ती डोळ्यांपुढं दिसली. पुढं शहर वाढलं, गल्ल्या तुंबल्या, आणि बाजार हलवायचं ठरलं. ते कारण खोटं नव्हतं. पण १९७१पासून ती दालनंही पाडली, ते मला अजून पटत नाही. एक तेवढं उचलून पॅरिसजवळच्या नोजाँला नेऊन पुन्हा उभं केलंय. बाकीच्या जागी कित्येक वर्षं नुसता खड्डा होता. आता तिथं स्टेशन आणि कपड्यांच्या दुकानांचं मॉल आहे.

ते चर्च सेंत उस्ताशचं. अंबाबाईचं देऊळ आणि कपिलतीर्थ मंडई जशी एकमेकांना लागून, तसंच हे. आत एका कोपऱ्यात रेमंड मेसन या इंग्रज शिल्पकारानं बाजार उठल्याचा प्रसंग रंगीत पुतळ्यांत केलाय. २८ फेब्रुवारी १९६९ ही तारीख त्याच्या नावातच आहे. भाजी-फळं घेऊन निघालेले बाजारातले बायका-पुरुष, आणि चेहरे असे की घरातलं माणूस पोचवून आलेत. एरवी चर्चमध्ये संत असतात, इथं हे भाजीवाले आहेत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिथल्या खुर्चीवर बराच वेळ बसून राहिले. आजोबांची फार आठवण आली.

तिथनं दोन मिनिटांवर देइयरँ नावाचं भांड्यांचं दुकान आहे, १८२०पासूनचं. रविवारी बंद असतं, म्हणून आपण शनिवारी जाऊ. लाकडी फळ्यांवर छतापर्यंत तांब्याची पातेली. फळांचा मुरंबा शिजवायची कढई इथं तांब्याची वापरतात आणि तिला कल्हई करत नाहीत. तुम्ही गुऱ्हाळावरच्या काहिलीबद्दल जे सांगता ते त्या दुकानदाराला मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, तर त्यानं विचारलं, रस उकळून घट्ट व्हायला किती वेळ लागतो? मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा, मी त्याला समजावते.

पलीकडं मोंतॉर्गय नावाचा रस्ता आहे, गाड्यांना बंदी. फळं, चीज, मासळी, पाव, सगळी दुकानं ओळीनं. जुन्या पेठेची चव थोडीफार तिथंच उरली आहे. स्तोरेर हे मिठाईचं दुकान तर १७३०पासूनचं. आई, तिथला 'बाबा' नावाचा केक घेऊ नकोस, त्यात रम असते. आणि बाजारातले हमाल पहाटे जे कांद्याचं सूप प्यायचे ते अजून मिळतं, पण बहुतेक ठिकाणी गाईच्या मांसाच्या पाण्यात करतात. मी विचारल्याशिवाय मागवायचं नाही.

येताना तूप, पेढे, खरवस काहीही बांधू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत. कांदा-लसूण मसाला मात्र हवाच, डबल पिशवीत घट्ट बांधून. आणि अण्णा, गुळाच्या दोन भेल्या आणा. एक घरात, एक त्या भांडीवाल्याला.

तुमची धाकटी