हद्दीबाहेरच्या बसची तूट कोणी किती भरायची, ते आधी लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली: ४३.८ किलोमीटर, ३२ स्थानके, ६,७०८ कोटी रुपये. पहिला टप्पा बहुतांशी मनपा हद्दीत होता. आता मार्ग कन्हान नदी, बुटीबोरी एमआयडीसी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत जाणार आहेत. म्हणजे मनपासोबत कामठी, कन्हान-पिपरी, वानाडोंगरी, बुटीबोरी, हिंगणा येथील नगर परिषदा-नगर पंचायती, वाटेतल्या ग्रामपंचायती, एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि एमआयडीसी एवढे सगळे यात आले.

बांधकामाच्या पैशाची वाटणी कशी करायची हे आपल्याला जमले आहे. पहिल्या टप्प्याच्या ८,६८० कोटींत केंद्र व राज्य प्रत्येकी २० टक्के, मनपा व नागपूर सुधार प्रन्यास प्रत्येकी ५ टक्के आणि उरलेले ५० टक्के कर्ज, हे प्रमाण सुरुवातीलाच ठरले होते. मनपाच्या ५ टक्क्यांचे ४३४ कोटी होतात. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा डबलडेकर पूलही असाच उभा राहिला. खांब एकच, त्यावर खालच्या मजल्यावर महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो. काम मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रो कंपनीने केले, उड्डाणपुलाच्या भागाचा खर्च महामार्ग प्राधिकरणाने उचलला. जागाही वाचली, पैसाही.

अडते ते रोजच्या चालवण्याच्या खर्चावर. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने स्थानकाभोवतीच्या ५ किलोमीटर परिसरात पूरक बस, पायवाटा वगैरेंची हमी प्रकल्प अहवालातच मागितली आहे. ही पूरक बस आज कोण चालवते? मनपाची ‘आपली बस’. ती हद्दीबाहेर बुटीबोरी, हिंगणा, कन्हानकडे जाते तेव्हाही तूट मनपाच्याच तिजोरीतून जाते. हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिल्या कापल्या जातात त्या याच खेपा, कारण तिथला प्रवासी मनपाचा मतदार नसतो.

आकडे मांडून पाहू. हे दर उदाहरणापुरते धरले आहेत. मार्ग ३० किलोमीटर, त्यातले १२ शहरात, १८ बाहेर. रोज ४० खेपा म्हणजे १,२०० किलोमीटर. ठेकेदाराला किलोमीटरमागे ६० रुपये द्यायचे आणि तिकिटातून ३५ मिळतात, म्हणजे किलोमीटरमागे २५ रुपये तूट, दिवसाला ३० हजार. निव्वळ अंतरावर वाटणी केली तर बाहेरच्या भागाच्या वाट्याला रोज १८ हजार, वर्षाला ६५ लाखांवर येतात. एखाद्या नगर परिषदेला एका मार्गापायी एवढा भार झेपणार नाही. ती ठराव करेल आणि पैसे भरणार नाही. अशा करारांचा शेवट बहुधा असाच होतो.

यात रिकामे किलोमीटर अजून धरलेलेच नाहीत. डेपो पहिल्या थांब्यापासून ८ किलोमीटरवर असेल आणि मार्गावर ६ गाड्या असतील, तर जाऊन-येऊन रोज ९६ किलोमीटर गाडी रिकामी धावते. तिकीट शून्य, पण ठेकेदाराचे ६० रुपये चालू. वर्षाला हे २१ लाख होतात. कोणाच्या वाट्यात धरायचे हे आधी लिहिले नाही तर पहिल्याच हिशेबात वाद पेटतो. आमच्या मते रात्रीच्या मुक्कामाला बुटीबोरीत एमआयडीसीने जागा द्यावी आणि ती जागाच तिच्या वाट्यात धरावी.

प्रवासी मोजून वाटणी करायची तर प्रश्न वेगळा. नागपुरात राहणारा कामगार सकाळी शहरात चढतो, संध्याकाळी बुटीबोरीत. त्याचा फायदा कोणाच्या नावे लावायचा? वॉशिंग्टनच्या मेट्रोसाठी तिथल्या स्थानिक सरकारांनी रेल्वेच्या तुटीचे तीन समान भाग पाडले: दाट वस्तीला जास्त वजन देऊन मोजलेली लोकसंख्या, आपल्या हद्दीत राहणारे प्रवासी, आणि आपल्या हद्दीतली स्थानके. प्रवासी कुठे चढला यापेक्षा तो राहतो कुठे हे तिथे पाहिले गेले. फ्रान्समध्ये ११ वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांकडून वाहतुकीसाठी वेगळा कर घेतात. आपल्यासाठी या दोन्हींचा मेळ घालता येईल: एक तृतीयांश धावलेले किलोमीटर, एक तृतीयांश राहण्याच्या जागेनुसार प्रवासी, एक तृतीयांश त्या भागातल्या नोकऱ्या. तिसरा भाग एमआयडीसीकडे जाईल आणि नगर परिषदेचा भार हलका होईल. एनएमआरडीएनेही आपल्या क्षेत्रातल्या बांधकाम परवानग्यांच्या विकास शुल्कातून ठरावीक हिस्सा यासाठी बाजूला काढावा. स्थानक आले की आजूबाजूचे लेआउट भराभर विकले जातात, तो पैसा तिथलाच आहे.

पुण्याचा अनुभव जवळचा आहे. २००७ मध्ये दोन्ही शहरांची मिळून पीएमपीएमएल ही बस कंपनी झाली तेव्हा पुणे ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के असे ठरले. गाड्या दोन्ही हद्दींपलीकडे जाऊ लागल्यावर ते सूत्र अपुरे पडले आणि पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) वाटा मागावा लागला. आपण तिसरा वाटेकरी पहिल्या दिवसापासून धरावा.

पैसे वेळेवर यावेत म्हणून ते मनपा-नगर परिषदांच्या हाती पडण्याआधीच वळते करायला हवेत. जीएसटी भरपाईपोटी मनपाला राज्याकडून दरमहा रक्कम मिळते, नगर परिषदांना सहायक अनुदान मिळते. सभेच्या ठरावाने संमती घेऊन वाटा तिथूनच कापून एका स्वतंत्र खात्यात टाकावा. त्या खात्यातून ठेकेदाराचे देयक सोडून दुसरा खर्च होऊ नये. डिझेल, वीज किंवा किमान वेतन वाढले तर दर कसा वाढेल हे सूत्रातच असावे, नाहीतर प्रत्येक वाढीला नवा ठराव लागेल आणि तो येईपर्यंत गाड्या उभ्या राहतील.

आणि हे सगळे ज्या नोंदीवर उभे राहणार ती वाहकाच्या हातातल्या तिकीट मशीनमध्ये होते. पासधारकाचे तिकीट फाडावे लागत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा मोजलाच जात नाही. एमआयडीसीच्या गाड्यांत मासिक पासवाले कामगार अन् कॉलेजची पोरे जास्त असतात, म्हणजे सूत्राचा एक तृतीयांश पाया पोकळ. पासधारकासाठी शून्य रुपयांचे तिकीट चढण्या-उतरण्याच्या टप्प्यासह निघालेच पाहिजे आणि पास देताना राहण्याच्या गावाची नोंद झाली पाहिजे. मशीनमध्ये हा बदल करायला फारसा खर्च नाही. तो आत्ता झाला तर मेट्रोचा दुसरा टप्पा सुरू होईपर्यंत वर्ष-दोन वर्षांची खरी आकडेवारी हाती असेल. नगर परिषदांची अंदाजपत्रके जानेवारी-फेब्रुवारीत बनतात, म्हणून कराराचा मसुदा त्यांच्या सभेपुढे डिसेंबरच्या आत यायला हवा.

– नगर वाहतूक व लेखा क्षेत्रातील काही निवृत्त कर्मचारी, नागपूर